पाण्याची वही, भेटीची वही: वस्तीतल्या ज्येष्ठांची सुरक्षा आणि नळाचं पाणी यांवर नागरिकांची देखरेख

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या पूर्व भागातल्या काही वस्त्यांमध्ये आम्ही दहा-बारा जण हे काम करतो. कुणी निवृत्त शिक्षक आहे, कुणी घरकाम करणारी बाई, कुणी कॉलेजात शिकणारा पोरगा. दर रविवारी सकाळी हनुमान मंदिराच्या ओट्यावर बसतो. इतर वस्त्यांमधून लोक भेटायला येतात आणि बहुतेक तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

ज्येष्ठांची सुरक्षा वेगळी आणि पाणीपुरवठा वेगळा. तुम्ही दोन्ही एकत्र का घेतलं?

सुरुवात फक्त पाण्यापासून झाली होती. आमच्यातली एक ताई गल्लीतल्या मीटरचे आकडे महिन्यातून एकदा लिहून घ्यायची. एका दुमजली घरात खाली मुलगा-सून आणि वर आजी. वरच्या मजल्याची नळजोडणी वेगळी, मीटरही वेगळं. एप्रिलचा आकडा आणि मेचा आकडा सारखाच. नागपूरचा मे, दारोदारी कूलर चालू, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि या मीटरचा काटा हललेला नाही. ताईने विचारलं तर आजी म्हणाल्या, "मले काय लागते बाबू पाणी, एकटा जीव." ताई जिना उतरताना थांबली. जिन्याखालचा व्हॉल्व्ह बंद होता आणि त्याच्या दांड्याला तार गुंडाळून पक्की पिळलेली होती. घर नावावर करून देण्यावरून भांडण झालं होतं. आजी पहाटे शेजारून दोन कळशा आणायच्या आणि त्यावर दिवस काढायच्या. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पोटच्या पोराची तक्रार कशी करायची.

त्या दिवसापासून आमच्या दोन वह्या झाल्या. एक पाण्याची, एक भेटीची. पण दोन्ही एकाच पिशवीत असतात.

देखरेख ठेवायचा अधिकार आम्हाला दिला कुणी? आम्ही काही अधिकारी नाही.

नाहीच. आणि अधिकारी असल्यासारखं वागूही नका. कुणाच्या घरात शिरून चौकशी करणं, मीटरला हात लावणं, मुलाला धमकावणं यातलं काहीही आपल्याला करता येत नाही. पण यंत्रणेने काय काम केलं हे विचारायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे. त्यात कागद मागता येतो, कागदांची आणि प्रत्यक्ष कामाची पाहणी करता येते, आणि सामग्रीचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. ही शेवटची गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. पाइपलाइन टाकायचं काम चालू असेल तर वापरल्या जाणाऱ्या सामग्रीचा नमुना मागणं हा तुमचा हक्क आहे.

ज्येष्ठांच्या बाबतीत २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम आणि राज्याचे २०१० चे नियम आहेत. एकट्या ज्येष्ठांना भेट द्यायला जाताना पोलिसांनी शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवक सोबत घ्यावा, असं नियमच सांगतात. म्हणजे नागरिकाची जागा तिथे आधीपासून आखून दिलेली आहे. ती बहुतेक वेळा रिकामी असते, कारण आपण कुणी जात नाही.

नागपुरात पाण्याला जबाबदार नक्की कोण? महापालिका की कंपनी?

महापालिका. हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा, नाहीतर तुम्हाला इकडून तिकडे फिरवलं जाईल.

शहराचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. गोरेवाडा तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, तोही या साखळीत आहे. हे पाणी शुद्ध करणं, टाक्यांपर्यंत नेणं, घरोघरी पोचवणं, मीटर वाचणं आणि बिल देणं हे काम २०१२ पासून महापालिकेबरोबरच्या २५ वर्षांच्या कराराने ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पाहते. पण पाणी देण्याची कायद्याची जबाबदारी महापालिकेने कुणाला विकलेली नाही. देखरेखीसाठी महापालिकेचा जलप्रदाय विभाग आहे, आणि शहरात दहा झोन आहेत. तक्रार कंपनीच्या झोन कार्यालयात द्या, पण एक प्रत महापालिकेच्या झोनमध्ये आवक शिक्का मारून घ्या. कंपनीचे कागद हवे असतील तर माहितीचा अर्जही महापालिकेकडेच करायचा. खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला कायद्याने मागवता येते, ती नागरिकालाही त्या प्राधिकरणामार्फत मिळू शकते.

पाणी "कमी येतं" हे सिद्ध कसं करायचं?

बादली आणि घड्याळ. याहून चांगलं साधन आम्हाला अजून सापडलेलं नाही.

किती लिटरची बादली आहे ते आधी लिटरच्या मापाने भरून पाहा, कारण बाजारातली "पंधराची" बादली कधी तेराची निघते. मीटरनंतरचा सगळ्यात जवळचा नळ पूर्ण उघडा. मोटर बंद ठेवा. बादली भरायला किती सेकंद लागले ते लिहा. पंधरा लिटरची बादली तीन मिनिटांत भरली तर मिनिटाला पाच लिटर. हेच तीन वेगवेगळ्या वेळी करा: पाणी सुटल्यावर लगेच, मधेच आणि बंद व्हायच्या आधी. सुटायची आणि बंद व्हायची वेळही टिपा. असं सलग सात दिवस, गल्लीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि टोकाच्या घरी. त्रेसष्ट नोंदींचा कागद घेऊन गेलात की बोलणंच बदलतं. "आमच्याकडे पाणी येत नाही" याला टेबलावर उत्तर तयार असतं. "टोकाच्या घरी मिनिटाला दीड लिटर, सुरुवातीच्या घरी अकरा" याला तसं तयार उत्तर नसतं, त्यासाठी माणूस गल्लीत पाठवावा लागतो.

शहरांत जिथे गडरलाइन (सांडपाण्याची लाइन) आहे तिथे माणशी रोज १३५ लिटर हा पुरवठ्याचा राष्ट्रीय निकष आहे. चार माणसांचं घर महिन्याला साधारण सोळा युनिट वापरेल (एक युनिट म्हणजे हजार लिटर). एकटं माणूस चार. हा हिशेब लक्षात ठेवा, दोन्ही वह्यांना कामी येतो. एकट्या आजोबांच्या घरी चौदा युनिट आले तर कुठेतरी गळती आहे. शून्य आले तर त्याच दिवशी घरी जाऊन भेटा.

टोकाच्या घरी जाताना आणखी एक पाहा: मधल्या किती घरांत टिल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) थेट लाइनला लावलेत. आपल्याच शेजाऱ्यांविरुद्ध बोलायला जड जातं, पण टोकाला बहुधा म्हातारं माणूस राहतं आणि त्याच्याकडे पंप नसतो.

पाणी गढूळ येतं, वास येतो. आधी काय करायचं?

पिऊ नका, आणि शेजारच्या ज्येष्ठांना आधी सांगा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना जुलाब-उलट्या लागल्या की अंगातलं पाणी फार लवकर जातं.

मग कारण शोधा. जुनी पाइपलाइन नालीतून किंवा गडरलाइनच्या शेजारून जाते, जोड ढिले असतात. नळ बंद झाला की पाइपातला दाब पडतो, वरून टिल्लू पंप ओढतात, आणि बाहेरचं घाण पाणी आत शोषलं जातं. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येतं की पूर्ण वेळ, ही नोंद मोलाची आहे. पहिली काही मिनिटंच येत असेल तर दोष बहुतेक जवळच्याच एखाद्या जोडात असतो.

क्लोरीन तपासायची छोटी पेटी मिळते. नमुन्यात थेंब टाकले की पाणी पिवळं होतं आणि रंगपट्टीशी ताडून पाहायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू अजिबात सापडता कामा नये. क्लोरीन शून्य निघाला तर झोनला त्याच दिवशी लेखी कळवा.

जंतूंच्या तपासणीसाठी पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून नेऊ नका. सुरुवातीला आम्ही हेच केलं आणि नमुना परत आला. त्याला निर्जंतुक बाटली लागते, ती प्रयोगशाळेकडूनच घ्यायची, आणि भरलेली बाटली गार ठेवून काही तासांत पोचवायची. महापालिकेला संयुक्त नमुना घ्यायला सांगणं सगळ्यात बरं. तुमच्या समोर बाटली भरली, सील केली, दोघांच्या सह्या झाल्या, की अहवालावर नंतर वाद राहत नाही.

बिल अचानक वाढलं. मीटर खराब आहे का?

कधी असतं, कधी नसतं. घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटरच्या काचेखालचं छोटं चाक पाहा. ते फिरत असेल तर मीटरनंतर कुठेतरी गळतंय, बहुतेक फ्लशच्या टाकीत नाहीतर गच्चीवरच्या टाकीच्या बॉलकॉकमध्ये. स्थिर असेल आणि तरी आकडे पटत नसतील तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा. बिलावर "सरासरी" रीडिंग लागलंय का तेही पाहा. मीटर वाचलंच नसेल तर बिल अंदाजाने येतं, आणि एकट्या माणसाला चौघांचं बिल भरावं लागतं. दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे दोन महिन्यांचं रीडिंग एकत्र लावलं तर वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. शिवाय महापालिकेच्या पाणी उपविधींत दरवर्षी पाच टक्के दरवाढीची तरतूद आहे, तेवढी वाढ चूक समजू नका.

तक्रारी करून थकलो. पुढे कुठे जायचं?

तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे. तक्रार क्रमांक घ्या, तारीख लिहा, आणि सात दिवसांनी त्याच क्रमांकाचा हवाला देऊन दुसरं पत्र द्या. नळजोडणीसारख्या ज्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहेत, त्यांना ठरलेली मुदत असते. मुदत उलटली तर पहिलं आणि दुसरं अपील विभागातच, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

आणि स्थायी लोकअदालत. लोकांना पाणी पुरवणं ही विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ठरवलेली "लोकोपयोगी सेवा" आहे. न्यायालयात खटला टाकण्याआधी इथे अर्ज करता येतो, कोर्ट फी लागत नाही, आणि समेट झाला नाही तर ही अदालत स्वतः निर्णयही देऊ शकते. माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मिळते. तिथेच महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. बऱ्याच आज्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

ज्येष्ठांच्या कायद्यात कुणी काय करायचं आहे?

वय साठ पूर्ण झालं की ज्येष्ठ. आई-वडिलांना तर वयाची अटही नाही. स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागत नसेल तर मुलांकडून, सज्ञान नातवंडांकडून, आणि मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून चरितार्थ मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. समोरच्याला नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल हवा, फारच अडचण असेल तर आणखी ३० दिवस. रक्कम महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये. निकाल मान्य नसेल तर ज्येष्ठाने ६० दिवसांत अपील करायचं. अपिलाचं काम जिल्हाधिकारी स्तरावर चालतं. म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

समाजकल्याण विभागाचा अधिकारी ज्येष्ठाच्या बाजूने न्यायाधिकरणापुढे उभा राहू शकतो. नागपुरात हा विभाग दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. महिला आणि ज्येष्ठांच्या तक्रारींसाठी शहर पोलिसांचा भरोसा सेल आहे. देशभराची ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

देखरेख करणाऱ्याने मात्र एका गोष्टीवर नजर ठेवावी, कारण सगळं तिथे अडतं: आदेशाची अंमलबजावणी. आदेशाचा कागद हातात आहे, पण तीन महिने पैसे आलेले नाहीत, अशी माणसं आम्हाला वरचेवर भेटतात. पैसे न देणाऱ्याविरुद्ध न्यायाधिकरण वसुलीचं वॉरंट काढू शकतं आणि एक महिन्यापर्यंत कैदेतही टाकू शकतं. पण त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि थकबाकी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सिव्हिल लाइन्सपर्यंत, म्हणजे सरकारी कार्यालयांच्या भागापर्यंत, पुन्हा पुन्हा कोण नेणार? त्याच्यासोबत जाणं हे आमच्या गटाचं सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात गरजेचंही.

मुलाने किंवा घरमालकाने पाणी तोडलं तर?

घरमालक असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने पाणी, वीज यांसारखा आवश्यक पुरवठा पुरेशा कारणाशिवाय तोडायला बंदी आहे. भाडं थकलं म्हणूनसुद्धा तोडता येत नाही.

मुलगा असेल तर तीन वाटा. त्याच दिवशी पोलीस ठाणं. मग न्यायाधिकरणाकडे अर्ज. आणि आई असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही आहे, घरातल्या सोयी-साधनांपासून वंचित ठेवणं हा त्यात आर्थिक छळ धरला जातो. सुरुवातीला सांगितलेल्या आजींच्या बाबतीत यातलं काही लागलं नाही. बीट हवालदार आला, मुलाला जिन्याखाली बोलावलं, आणि स्वतः तार सोडायला लावली. नळ सुटल्यावर आजींनी आधी तुळशीला पाणी घातलं.

घर आधीच मुलाच्या नावावर करून दिलंय. आता काही होईल का?

होऊ शकतं. ज्येष्ठांच्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर, रद्द करून मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताने लावावा आणि न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेशही देऊ शकतं, असं म्हटलं. म्हणून ज्यांनी अजून सही केली नाही त्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे: बक्षीसपत्रात "आयुष्यभर सांभाळ करीन" हे वाक्य शाईने उतरवून घ्या. तोंडी शब्दावर घर देऊ नका, पोरगा कितीही गुणी असो.

पोलीस खरोखर एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवतात का?

नियमाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात अशी अद्ययावत यादी हवी आणि एकट्या राहणाऱ्यांना महिन्यातून किमान एकदा भेट हवी. ठाण्यात जाऊन आधी आपल्या गल्लीतली नावं यादीत घालायला सांगा, अर्थात त्या ज्येष्ठांना विचारून. नंतर दोन-तीन महिन्यांनी ज्येष्ठांनाच विचारा, कुणी आलं होतं का. आमच्या भेटीच्या वहीत यासाठी वेगळा रकाना आहे.

यादी आम्हाला द्या, असं मात्र मागू नका. एकटी राहणारी म्हातारी माणसं कुठे राहतात याचा कागद बाहेर फिरणं धोक्याचं आहे. आकडे मागा, नावं नको.

शेजारी म्हणून आम्ही अर्ज करू शकतो का? आणि आजी-आजोबा नकोच म्हणत असतील तर?

ज्येष्ठ स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं.

दुसरा प्रश्न खरा अवघड. "माझ्या पोराला पोलिसात नेऊ नका" हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकलंय. आमचा नियम असा: माणूस शुद्धीत आहे, समजून बोलतोय आणि लगेच जिवाला धोका नाही, तर त्याच्या मर्जीविरुद्ध काही करायचं नाही. पण जाणं थांबवायचं नाही. दर आठवड्याला एकच माणूस जातो, रोज नवा चेहरा नको. डबा नेला, औषधाची चिठ्ठी वाचून दाखवली, नळाची धार पाहिली. एका बाबाजींनी अकराव्या भेटीला तोंड उघडलं. दहा भेटी ते आमच्याशी फक्त संत्र्याच्या बागेबद्दल बोलले होते.

मार लागल्याच्या खुणा, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं, औषध बंद करणं यात मात्र थांबायचं नाही. ११२ ला फोन आधी, चर्चा नंतर.

आणि सगळेच मुलगे-सुना वाईट नसतात, हेही लक्षात असू द्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करून सून स्वतः मोडकळीला आलेली असते. तिथे तक्रारीचा कागद नको, दोन तास कुणीतरी बसायला हवं.

वृद्धाश्रम पाहायला जाता येतं का?

परवानगी घेऊन जाता येतं. कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठ राहतील असं वृद्धाश्रम सरकारने उभारावं, अशी तरतूद आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेची तपासणी कधी झाली, अहवालात काय आलं, हे समाजकल्याण विभागाकडून माहितीच्या अधिकारात मिळवता येतं. गेलात तर दिवाणखान्यात बसून चहा पिऊन परत येऊ नका. संडासापर्यंत जा. रात्री कोण असतं ते विचारा. पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली ते पाहा. पलंगावरच्या माणसाच्या हाताशी पाण्याचा तांब्या आहे का, आणि तो भरलेला आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. फोटो काढू नका.

माहितीचा अर्ज कसा लिहायचा?

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, आणि शब्द दीडशेच्या आत. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयातून याच कारणाने परत आला, त्यात आम्ही पाणी, पोलीस आणि पेन्शन सगळंच कोंबलं होतं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, किंवा ऑनलाइन भरा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. ३० दिवसांत उत्तर. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे.

"का" विचारू नका, कारण मत ही माहिती नव्हे. कागद मागा. उपविभागीय कार्यालयाकडे आम्ही असा अर्ज करतो:

"दि. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात ज्येष्ठ नागरिक अधिनियमाखाली (१) दाखल अर्जांची संख्या, (२) ९० दिवसांत निकाली निघालेल्यांची संख्या, (३) आज रोजी प्रलंबित अर्जांची संख्या, (४) वसुलीसाठी आलेले अर्ज व त्यांवर काढलेली वॉरंट यांची संख्या द्यावी. अर्जदारांची नावे-पत्ते नकोत. संबंधित नोंदवहीची, नावे झाकून, पाहणी करू द्यावी."

पाण्यासाठी: झोनमधल्या गेल्या सहा महिन्यांतल्या नमुन्यांचे अहवाल, गळतीच्या तक्रारी आणि त्या मिटवल्याच्या तारखा, टँकरच्या फेऱ्यांची लॉगबुकं. टँकरचं लॉगबुक आणि वस्तीतल्या बायकांनी टिपलेल्या फेऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहा.

नगरसेवकाकडे गेलं तर लवकर होत नाही का?

एखादा व्हॉल्व्ह लवकर फिरतो, हे खरं. जरूर जा. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात ज्या वस्त्यांकडे नुसते फोन नंबर होते त्या अडकल्या. प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांचे सदस्य नेमायची सोयही कायद्यात आहे, तिचा आग्रह धरा. गटात सगळ्या पक्षांची माणसं चालतात. पक्षाचा दुपट्टा मात्र घरी.

उन्हाळ्यात काही वेगळं करता का?

हो, एप्रिल ते जून भेटी दुप्पट. जुलै २०१९ मध्ये पेंच प्रकल्पाचं तोतलाडोह धरण आटल्यामुळे शहरात आठवड्यातले काही दिवस नळ बंद ठेवावे लागले होते. तेव्हा तरुण माणसं टँकरमागे धावली, म्हातारी माणसं ड्रम घेऊन दारात उभी राहिली. तेव्हापासून टँकर येणार असेल तर आधी गल्लीतल्या एकट्या घरांचे ड्रम भरायचे, मग बाकीच्यांचे, असं वस्तीने ठरवून घेतलंय. पहिल्या वर्षी भांडणं झाली. आता नवीन भाडेकरूला शेजारीच सांगतात.

वहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, वेळ, जे पाहिलं ते. अंदाज लिहायचा नाही. आमच्या भेटीच्या वहीतलं एक पान, नाव आणि घर क्रमांक वगळून, असं आहे:

मंगळवार, सकाळी ७.४०. बाबाजी दारातच बसले होते. नळ ६.१० ला आला, ७.०५ ला गेला. बादली चार मिनिटं वीस सेकंद. म्हणाले, "पाणी तं येते, धार नाई येत." मीटर तेराशे सहा, मागच्या महिन्यात तेराशे चार. बीपीची गोळी संपून तीन दिवस झाले. मुलगा पुण्याहून फोन करतो, रविवारी केला होता. पोलीस भेट: दोन महिन्यांत नाही. आज करायचं: गोळी आणणे, झोनला धारेचं पत्र. पुढची भेट शुक्रवारी, बाबाजी म्हणाले सातच्या आत या, नळाच्या वेळी.